भरून निघालो, भरलेलाच परतलो

मी तांब्या बोलतोय. नावाने तांब्या, अंगाने पितळेचा. माझ्या तोंडाला आटे आहेत, त्यावर फिरवून घट्ट बसवायचं झाकण आहे, उलटं केलं की त्या झाकणाचाच पेला होतो. वर धरायला कडी. जुनी माणसं मला फिरकीचा तांब्या म्हणतात. हंडे-कळशा घर सांभाळतात, मला मात्र घडवलंच प्रवासासाठी. आणि तरीही खरं सांगतो, प्रवासाला माझ्याइतका भिणारा तांब्या दुसरा सापडायचा नाही.

माझा जन्म भंडाऱ्याचा. भट्टीतली धग आणि हातोड्याचे घाव एवढंच मला त्या दिवसांतलं आठवतं. उमरेडच्या नत्थूजींनी मला बाजारातून उचललं. नत्थूजी हातमागावर लुगडी विणायचे आणि गठ्ठा पाठीवर टाकून रायपूर, जबलपूरपर्यंत विकायला जायचे. निघताना मला काठोकाठ भरायचे, परतताना मी रिकामा असायचो. रिकामं होऊन घरी येणं, हेच माझ्या जन्माचं सुख. त्यांच्या मुलाने, भैय्याजींनी, माग सोडला आणि वैद्यकी शिकली. मग मी त्यांच्याकडे आलो.

भैय्याजींचा दवाखाना नागपुरात सदरला आहे आणि घर मनीषनगरला. हाताला गुण आहे, पण त्यांचं नाव झालं ते एका कागदामुळे. प्रवासाला निघालेला कोणीही माणूस आला की ते ड्रॉवरमधून छापलेला कागद काढून देतात. आदल्या दिवशी तळपायांना तिळाचं तेल चोळा. निघताना नाकपुडीत बोटाने तूप फिरवा. गाडीच्या हालण्याने वात वाढतो, म्हणून कोरडं, शिळं, गारढोण खाऊ नका. मऊ पोळी, मुगाची खिचडी, वर तूप. जेवणाआधी आल्याचा तुकडा मिठासोबत. हिवाळ्यात सुंठीचं कोमट पाणी, उन्हाळ्यात उकळून निववलेलं वाळ्याचं. घोट घोट, पण सतत. आणि सातव्या ओळीत लिहिलंय, लघवी, शौच, शिंक, जांभई, कोणताही वेग रोखू नका.

बाकी सगळं ते रोग्याला मोठ्याने वाचून दाखवतात. सातव्या ओळीशी आले की कागद पुढे सरकवतात आणि म्हणतात, "हे घरी जाऊन वाचून घ्या."

रोग्यांना हे विचित्र वाटत नाही. त्यांना आणखी एक गोष्ट माहीत नव्हती. दुसऱ्यांच्या प्रवासाची एवढी काळजी घेणारा हा माणूस बावीस वर्षांत एकदाही बसमध्ये चढला नव्हता. बुटीबोरीच्या पुढे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. मी दवाखान्यातल्या काचेच्या कपाटावर बसून होतो, शोभेची वस्तू असल्यासारखा. ते माझ्याकडे बघत नसत आणि मला त्याचं कारण ठाऊक होतं.

यंदाच्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. ऋतुजा नांदेडला बँकेत नोकरी करते. तिला आठवा महिना चालू होता आणि नवरा गौरांग परगावी नोकरीला होता.

"बाबा, डॉक्टरांनी पलंगावरून उतरायले मना केलं. फक्त बाथरूमपुरतं उठायचं. गौरांगले सुट्टी भेटायले अजून बारा दिवस आहेत, सासूबाईंच्या गुडघ्याचं आताच ऑपरेशन झालं. तुम्ही येता का?"

"काय झालं वं? काय त्रास आहे?"

"आल्यावर सांगते. या ना तुम्ही. मले लय भीती वाटून राहिली."

"येतो," भैय्याजी म्हणाले. फोन खाली ठेवला आणि आपल्याच मनगटावर तीन बोटं ठेवून स्वतःची नाडी बघत बसले. बराच वेळ. मग खुर्चीवर चढून त्यांनी मला खाली काढलं. त्यांची बोटं थंडगार होती. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं.

त्यांनी मला चिंचेने घासलं, शहरभर शोधून एका कल्हईवाल्याकडून आतून कल्हई करून आणली. आपल्याच कागदातली एकेक ओळ पाळली, तेल, तूप, मुगाची खिचडी, मऊ पोळ्या. ते काही म्हणून चुकवत नव्हते. घाबरलेलं माणूस असंच करतं, सगळे नियम नीट पाळले तर वाईट काही होणार नाही असं स्वतःला समजावतं. सकाळी त्यांनी माझ्यात वाळ्याचं पाणी भरलं, झाकण फिरवलं, परत उघडून पाहिलं, परत फिरवलं.

नऊची गाडी होती, साधी, खिडक्यांची. त्यांनी मला मांडीवर घेतलं. गाडी सुरू झाली तशी माझ्यातलं पाणी डुचमळू लागलं. रस्ता चांगला होता हो. हलत होत्या त्या त्यांच्या मांड्या.

"सरका जी थोडं."

पुढच्या थांब्यावर शेजारी एक बाई येऊन बसल्या. साठीच्या, काटक, नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतलेला, पायाशी पिशवी. पिशवीत साडीचोळी आणि हळद-कुंकवाचा पुडा.

"कुठपर्यंत?" भैय्याजींनी विचारलं.

"उमरखेड. बहिणीच्या घरी वास्तू हाय. मी वच्छला, सावनेरची. पाच वाजता घरून निघाली मी, पहिल्या गाडीनं." मग त्यांचं लक्ष भैय्याजींच्या मनगटाकडे गेलं. "काहून जी, सारखी नस काहून दाबून राहिले? डॉक्टर हाय का?"

"वैद्य आहे."

"मंग बरं झालं. माया मानेत चमक भरली हाय दोन दिवसापासून. पाहा बरं."

भैय्याजींना हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा. वच्छलाबाईंनी पिशवीतून चिवडा काढला तर हे लगेच म्हणाले, "कोरडं नका खाऊ बाई. प्रवासात वात आधीच वाढलेला असतो. ही पोळी घ्या, तूप लावलं आहे."

"वात-बित काई नाई जी, पोटात पडलं म्हणजे झालं." पण पोळी घेतली त्यांनी. कापसाबद्दल बोलल्या, सुनेबद्दल बोलल्या, बहिणीच्या नव्या घराच्या पायऱ्या किती उंच आहेत त्याबद्दल बोलल्या. भैय्याजी ऐकत होते. बोलणाऱ्या माणसाशेजारी भीती जरा कमी होते, हे मी नत्थूजींच्या वेळेपासून पाहत आलोय.

बुटीबोरी मागे पडली. थोडं पुढे गेल्यावर टायर पंक्चर झालं.

दुरुस्तीला तासाच्या वर वेळ लागला. गाडीतले सगळे पुरुष खाली उतरले आणि एकेक जण रस्त्याच्या कडेला पाठ करून उभा राहिला. भैय्याजीही गेले. वेग रोखायचा नाही ना! परत येऊन त्यांनी माझ्यातल्या पाण्याने हात धुतले. बाया मात्र जागच्या हलल्या नाहीत. आजूबाजूला उघडं माळरान, झुडूप म्हणून नाही. पत्रा तापत होता आणि त्या पदराने वारा घेत खिडकीतून दुसरीकडे बघत बसल्या होत्या.

गाडी निघाली तेव्हा साडेअकरा वाजले होते. भैय्याजींनी झाकणात पाणी ओतलं आणि पुढे केलं.

"घ्या. वाळ्याचं आहे."

"नाई जी," वच्छलाबाई म्हणाल्या. "मले गाडीत तहानच लागत नाई."

माझ्या अंगावर काटा येत नाही, मी पितळेचा. पण त्या क्षणी आतलं पाणी गार पडल्यासारखं झालं. हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. जसंच्या तसं. याच रस्त्यावर.

भैय्याजींनीही ऐकलं होतं. पेला तसाच धरून ते बसले. मग पाणी परत माझ्यात ओतलं, आणि ओतताना थोडं धोतरावर सांडलं.

आता ते सांगतो. मी हे कोणाजवळ बोललो नाही, आणि भैय्याजीही बोलले नाहीत.

बावीस वर्षांपूर्वी, असाच मे महिना. नात्यातल्या मुलाचं लग्न होतं यवतमाळला. वऱ्हाडाची बस होती, गच्च भरलेली. भैय्याजींच्या शेजारी त्यांची बायको प्रेमलता आणि तिच्या मांडीवर मी. नऊ वर्षांची ऋतुजा मागे मामाजवळ. भैय्याजी तेव्हा नव्या उत्साहाचे वैद्य होते. दर अर्ध्या तासाने म्हणत, "पाणी पी, घोट घोट पी." आणि प्रेमलता म्हणायची, "मले गाडीत तहानच लागत नाही."

देवळीच्या पुढे तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. मी मांडीवर होतो म्हणून मला ऐकू आलं.

"अवो, गाडी कुठं थांबते का, विचारा ना. सकाळपासून गेली नाही मी."

बसमध्ये चाळीस माणसं होती. त्यांतले तीस पुरुष, सासरे, मेहुणे, मोठे व्याही. गाणी म्हणणं चाललं होतं. भैय्याजींनी समोर बघितलं, मागे बघितलं. उठून ड्रायव्हरला सांगायचं म्हणजे सगळ्यांना कळणार कशासाठी ते. त्यांचे कान लाल झाले.

"आता येतेच यवतमाळ," ते म्हणाले. "तासाभराचं आहे."

तिने मान हलवली. परत विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, डोकं दुखतंय. मग म्हणाली, घाम कसा येत नाही आता, बरं झालं. कळंबच्या अलीकडे ती काहीतरी भलतंच बोलू लागली, माहेरच्या विहिरीबद्दल. कळंबला तिला उतरवलं, यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, संध्याकाळी ती गेली. लू लागली, ऊन डोक्यात चढलं, असं सगळे म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नागपूरला मला कोणीतरी सैपाकघरात ठेवलं. भैय्याजींनी झाकण उघडलं. मी काठोकाठ भरलेला होतो. निघताना होतो तेवढाच. ते किती वेळ आत बघत होते मला माहीत नाही. तेव्हापासून भरलेल्या पोटाने परत येण्याची दहशत माझ्या मनात बसली, ती अजून गेली नाही.

तर आता देवळी आली. भैय्याजी खिडकीबाहेर बघत नव्हते. डोळे मिटून त्यांनी माझी कडी दोन्ही हातांनी धरली होती. देवळी गेली. गरम वारा तोंडावर फुफाट्यासारखा येत होता. वच्छलाबाईंचं बोलणं कमी होत होत थांबलं होतं.

"बाई, बरं आहे ना?"

"डोक्षं ठणकून राहिलं जी. काई नाई, उनाचं."

त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. कातडी कोरडी, तापलेली, लाल. भैय्याजींनी परवानगी घेऊन त्यांचं मनगट धरलं. मला त्यांच्या चेहऱ्यावरून नाडी किती वेगात पळतेय ते कळलं.

"सकाळी पाच वाजतापासून किती पाणी प्यायल्या तुम्ही?"

"म्हटलं ना, तहान लागत नाई."

"बाई," भैय्याजींचा आवाज अगदी खाली गेला, "लघवीसाठी म्हणून पीत नाही ना?"

वच्छलाबाईंनी पदर तोंडावर ओढला. "असं काय विचारता जी." मग पदराआडूनच म्हणाल्या, "कुठी जाणार बाईमाणूस? मी गाडीत बसाचं असलं की आदल्या रातीपासूनच पाणी सोडतो. सगळ्याच सोडतेत."

सगळ्याच! मी गाडीभर नजर फिरवली. अकरा बाया. सगळ्यांच्या मांडीवर किंवा पायाशी पाण्याची बाटली, आणि एकीचंही झाकण उघडलेलं नाही.

भैय्याजी उठले. वरचा दांडा धरून पुढे गेले. मी त्यांच्या हातातच होतो. ड्रायव्हरचं नाव धर्मेंद्र, काचेवरच रंगवलेलं होतं.

"गाडी थांबवता का जरा?"

"काहून काका?"

"जरा... काम होतं."

"कळंबले थांबते ना गाडी, अर्ध्या तासात. आधीच दीड तास लेट हाय आपण. बसून घ्या."

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, बसा ना! पोहोचू द्या गाडीले!"

आणि भैय्याजी परत आले. हो, परत येऊन बसले. मी तुमच्यापासून काही लपवत नाही. त्यांचे कान लाल झाले होते, अगदी तसेच. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता परत अर्धा तास मोजणार आणि मी परत भरलेला घरी जाणार. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. मला फक्त डुचमळता येतं.

वच्छलाबाईंनी मान खिडकीच्या गजाला टेकवली आणि म्हणाल्या, "बाई, म्हशीले पाणी दाखवलं का वं कोणी?"

त्या भैय्याजींशी बोलत नव्हत्या. तिथे नसलेल्या कोणाशी तरी बोलत होत्या.

भैय्याजी असे उठले की मी हातातून निसटून दोन सीटांच्या मधल्या लोखंडी पायावर आदळलो. पोटाला पोचा पडला. त्यांनी मला उचललंही नाही. मधल्या वाटेत उभे राहून त्यांनी जो आवाज काढला, तो मी त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता.

"गाडी थांबव गा! आत्ता! या बाईले ऊन लागलं आहे, त्या सकाळपासून पाणी प्यायल्या नाहीत. काहून प्यायल्या नाहीत ते ऐकायचं आहे? लघवीले जायले जागा नाही म्हणून! या गाडीतली एकही बाई पाणी प्यायली नाही. आपण सगळे उतरलो होतो मघा, मीबी उतरलो. एकानं तरी विचारलं का त्यायले? माझी बायको याच रस्त्यावर मेली. तिनं मले गाडी थांबवायले सांगितलं होतं आणि मले लाज वाटली. गाडी थांबव!"

मग धर्मेंद्रने आरशात वच्छलाबाईंकडे पाहिलं. दोन मिनिटांवर पेट्रोल पंप होता, तिथे गाडी आत घेतली आणि आधी उडी मारून तो स्वतः उतरला, संडासाची किल्ली मागायला.

वच्छलाबाईंना दोन बायांनी धरून सावलीत आणलं. भैय्याजींनी मला सीटखालून आणलं, घट्ट झाकणामुळे वाचलेलं पाणी त्यांच्या डोक्यावर, मानेवर, काखेत ओतलं, पदर भिजवला, पुठ्ठ्याने वारा घातला. कोणीतरी म्हणालं, पाणी पाजा. "पूर्ण शुद्ध आल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही," ते म्हणाले. दुसऱ्याने विचारलं, "तुमच्या पिशवीत औषध असेल ना वैद्यबुवा?" भैय्याजी म्हणाले, "हे माझ्या पिशवीचं काम नाही. सलाईन लागते. दवाखाना गाठू."

निघेपर्यंत बाकीच्या सगळ्या बाया एकेक करून पंपाच्या मागे जाऊन आल्या होत्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. परत येताना एका म्हातारीने भैय्याजींच्या खांद्याला नुसता हात लावला.

कळंबमध्ये गाडी सरळ दवाखान्याच्या दारात नेली. धर्मेंद्र म्हणाला, "काका, तुम्ही इथंच उतरता? मंग नांदेड?" "येईन मागच्या गाडीनं," भैय्याजी म्हणाले. बाकीचे गेले. उमरखेडहून बहिणीचा मुलगा येईपर्यंत भैय्याजी बाकावर बसून होते. मी त्यांच्या शेजारी, रिकामा, पोचा पडलेला. दारापलीकडे बाटलीतून थेंब थेंब पडत होते. आत बघायची हिंमत आम्हा दोघांचीही होत नव्हती. जितक्या वेळा नर्स बाहेर आली तितक्या वेळा ते उभे राहिले.

चारच्या सुमाराला आतून आवाज आला, "माही पिशवी कुठी हाय? त्यात कुंकू हाय, सांडीन ना कोणी!"

भैय्याजींनी तोंडावर पंचा धरला.

नांदेडला पोहोचायला मध्यरात्र व्हायला आली. ऋतुजा पलंगावर कुशीवर झोपून होती. पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. भैय्याजींनी पिशवीही खाली ठेवली नाही. तसेच पलंगाशी फरशीवर बसले आणि बोलू लागले, सगळं, देवळीपासून. आईने कानात काय विचारलं होतं, आपण काय उत्तर दिलं होतं. "लू लागली असं मी तुले बावीस वर्षं सांगितलं. तिले तहान लागली होती, बाई. आणि मले लाज वाटली."

मला वाटलं, आता ऋतुजा तोंड फिरवेल.

"आईनं त्या दिवशी मलेबी पाणी नव्हतं दिलं," ती म्हणाली. "म्हणाली, रस्त्यात सोय नसते बेटा, पोरींनी जास्त पिऊ नये. मामानं गुपचूप उसाचा रस पाजला म्हणून मी..." ती थांबली. "बाबा, मीबी गाडीत पीत नाही. कधीच नाही. बँकेतबी नाही, तिथलं बाथरूम तीन महिन्यांपासून बंद आहे. सातव्या महिन्यातबी नाही पीत होती. दोनदा इन्फेक्शन झालं. डॉक्टर म्हणाल्या, त्याच्यानंच कळा लवकर सुरू व्हायची भीती आहे. हेच सांगायचं होतं तुम्हाले. फोनवर सांगायची लाज वाटली."

भैय्याजींचा चेहरा मी पाहिला आणि मला दवाखान्यातल्या कपाटावरची ती सगळी वर्षं आठवली. शेकडो लोकांना त्यांनी तो कागद दिला होता. आपल्याच मुलीला सातवी ओळ वाचून दाखवली नव्हती.

ते उठले. मला धुतलं, पाणी उकळून निववून भरलं, झाकणात ओतून तिच्यापुढे धरलं.

"लागली तर?" ती म्हणाली.

"लागली तर उठायचं. मी धरून नेतो. डॉक्टरांचं औषध वेळेवर, आणि हे घोट घोट. दहादा लागली तर दहादा नेतो."

पुढचे दिवस भीतीतच गेले. पोटात जरा आवळलं की ऋतुजा बाबांचा हात धरायची आणि दोघं घड्याळाकडे बघत राहायची. एकदा मध्येच दवाखान्यात न्यावं लागलं, दोन दिवस ठेवून घेतलं. मी दिवसातून चार-पाचदा भरला जायचो, रिकामा व्हायचो. बारा दिवसांनी गौरांग आला. त्यानंतर नवव्या दिवशी मुलगी झाली. जरा लवकर, वजनाला जरा कमी, पण रडली अशी की बाहेर बाकावर भैय्याजी दचकून उभे राहिले. वच्छलाबाईंचा फोन आला होता त्याच आठवड्यात. "भाऊ, मी बरी हाय. दोन बाटल्या चढवल्या मले. पोरीचं काय झालं ते सांगा!"

आज आम्ही नागपूरला निघालोय. ऋतुजा, तिची सव्वा महिन्याची लेक, गौरांग, भैय्याजी आणि मी. ऊन उतरलंय, तरी माझ्या मनातली धाकधूक काही उतरत नाही. माझ्या पोटाला पोचा आहे, कल्हई आणखी एखादं वर्ष टिकेल, झाकणाचे आटे झिजलेत. असा मी किती प्रवास करणार? म्हणून जाता जाता तुमच्याजवळ एक मागणं मागतो. तेल लावा, तूप घ्या, मऊ जेवा, सगळं करा, ते चांगलंच आहे. पण तुमच्या शेजारी बसलेली बाई पाणी नको म्हणाली, तर तिला तहान नाही असं समजून झाकण लावू नका. एकदा विचारा. लाज वाटली तरी विचारा.

गाडी अजून सुटलेली नाही. माणसं सामान वर ठेवतायत. भैय्याजी मला ऋतुजाच्या मांडीवर देऊन पुढे ड्रायव्हरकडे गेलेत. त्यांचे कान इथून दिसतायत, लालभडक झालेत. पण ते सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलतायत.

"हे पाहा दादा, दर दीड तासानं गाडी थांबली पाहिजे. जिथं बायांसाठी सोय असेल अशाच जागी. आत्ताच सांगून ठेवतो, मंग कोणाले उठून सांगायची पाळी येऊ नये."

ड्रायव्हर म्हणाला, "बरं काका, थांबवतो."

मग मागच्या सीटवर कुठेतरी बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्यानंतर खिडकीजवळ आणखी एक. आणि मग, माझ्या कानाशी, ऋतुजाने माझं झाकण फिरवायला सुरुवात केली.